हिवाळ्याचा सूर कीबोर्डवर

जेनोवा, ११ जानेवारी

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

‘विंटरथ्रू’ या अल्बममधला तंतुवाद्यांचा गारठलेला आवाज तुझ्या कीबोर्डवर का येत नाही, असं तू विचारलंस. ‘स्ट्रिंग्ज’चा दुसरा टोन शोधत बसू नकोस. अडचण टोनची कमी आणि हाताची जास्त आहे.

अल्बम होस्टसोनाटेनचा, २००८चा. बासवादक फाब्यो झुफ्फांती यांचा हा इथलाच, जेनोवातला प्रकल्प. चार ऋतूंचे चार अल्बम केले: २००२ला वसंत, मग हा हिवाळा, २००९ला शरद, २०११ला उन्हाळा. हिवाळ्यात गाणं नाही, त्यामुळे थंडीचं सगळं काम वाद्यांवर येतं आणि त्यातलं मोठं काम मेलोट्रॉन या टेपवर चालणाऱ्या जुन्या कीबोर्डच्या आवाजाकडे आहे.

मेलोट्रॉनचं ‘एम ४००’ हे मॉडेल नीट समजून घे. ३५ पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीखाली तिची स्वतःची टेप. टेपवर खऱ्या व्हायोलिनचा तेवढा एकच सूर ध्वनिमुद्रित केलेला. पट्टी दाबली की टेप फिरत्या दांड्यावर दाबली जाते आणि वाजू लागते. सोडली की स्प्रिंग तिला मागे ओढते. टेप गोल जोडलेली नाही, म्हणून साधारण ८ सेकंदांत सूर संपतो. मग कितीही दाबून धर, काही येत नाही. पण त्यामुळेच दर वेळी गजाची खरी सुरुवात ऐकू येते. दोष असे: एकदम खूप पट्ट्या दाबल्या तर मोटरवर ताण येऊन सूर उतरतो, टेप पुरती मागे येण्याआधी पुन्हा दाबलं तर सूर मधूनच सुरू होतो, दाबणारी गादी नीट बसली नसेल तर एखादी पट्टी मलूल वाजते. हा किंचित डळमळणारा सूरच आपल्या कानाला थंड लागतो.

आता तुझा कीबोर्ड. लूप, म्हणजे सूर पुन्हापुन्हा फिरवून लांबवणं, बंद कर. बोटाच्या जोराप्रमाणे आवाज बदलण्याची सोयही बंद कर. चढउतार फक्त व्हॉल्यूम पेडलने. कोरसचा इफेक्ट काढून टाक, त्याने सूर गुळगुळीत होतो आणि सगळा गारवा जातो. ८ किलोहर्ट्झच्या वरचं थोडं कापायचं, १५० हर्ट्झच्या खालचं बासला सोडायचं. रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, दोन सेकंदांच्या आसपास पुरे. एका वेळी तीन सूर, फार तर चार. कॉर्ड बदलताना सगळी बोटं एकदम उचलू नकोस. सातव्या सेकंदाच्या आत दोन सूर बदल आणि एक धरून ठेव, मग त्याची पाळी. सगळी बोटं एकदम उचललीस तर मध्ये भोक पडतं, आणि ते झाकायला लोक रिव्हर्ब वाढवतात. मग सगळा चिखल.

सरावाला इटालियन संगीतकार विवाल्दीचा ‘हिवाळा’ घे, १७२५ साली छापलेला. तो एफ मायनरमध्ये आहे: पांढरी चारचा सा, ग, ध, नी कोमल, पण सा गाठताना शुद्ध नी येतो. सुरुवातीला खालच्या तंतूंवर एकच सूर ठोके देत राहतो, त्यावर एकेक वाद्य चढतं आणि सूर एकमेकांना घासतात. कुडकुडणं त्या घासण्यात आहे, म्हणून ते सूर लवकर सोडवू नकोस. मधला संथ भाग काळी दोनच्या मेजरमध्ये. घरात शेकोटी, बाहेर पाऊस. व्हायोलिनच्या तारा बोटांनी छेडून थेंब काढले आहेत. इटलीतला हिवाळा असाही असतो. जेनोवात तर बर्फ क्वचित, पाऊस आणि उत्तरेचा त्रामोंताना वाराच जास्त.

इथे एक अडचण येईल. एम ४००ची सर्वांत खालची पट्टी म्हणजे पांढरी पाच. तिच्या खालची पांढरी चार, म्हणजे तुझा खर्जाचा सा, त्या यंत्रावर नाहीच. तो बासला दे आणि मेलोट्रॉनचा टोन वरच्या पांढरी चारपासून सुरू कर. कीबोर्डवर खालची पट्टी आहे म्हणून वाजवलीस तर आवाज लगेच खोटा वाटेल.

पहिल्या सोळा मात्रा रेकॉर्ड करून पाठव, बास आणि स्ट्रिंग्ज वेगवेगळ्या ट्रॅकवर. एकत्र पाठवलंस तर कुठे चुकतंय ते सांगता येणार नाही.

ती. दादा व वहिनींना साष्टांग नमस्कार. 

तुझा,
अविकाका