कूपन आता मी करीन

जामसंडे,
४ जून २०२५

चि. मुग्धा हिस,
अनेक आशीर्वाद.

काल दुपारी बँकेचा मेसेज आला. तुझ्या खात्यावरून साडेसतरा हजार. आधी वाटलं चुकून आले. मग आकडा ओळखीचा वाटला, ३० एप्रिलला आंब्याच्या ऑर्डरींत बुडाले तेवढाच, आणि हातातली सुरी तशीच खाली ठेवली. म्हणजे महिनाभर तू हेच डोक्यात घेऊन बसली होतीस, आणि पगार झाल्या झाल्या पाठवलेस. आज सकाळी बंटीकडून ते परत तुझ्या खात्यावर टाकून घेतलेत. बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही.

त्या दिवशी फोनवर माझ्या तोंडून गेलं, “घरचं नुकसान करायला नव्हतं शिकवलं तुला.” ते मी बोलायला नको होतं. तू म्हणालीस, “तुला यातलं काही कळत नाही आई, तू हात लावू नकोस.” ते मात्र तेव्हा खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं असावं. सुलूआत्या म्हणते तसं, आपण दोघी एकाच नारळाच्या.

हे पत्र मी फक्त आपल्या आंब्याच्या ऑनलाइन दुकानाबद्दल लिहायचं ठरवलंय. तू जेवतेस का, झोपतेस का, काही विचारणार नाही.

आधी ३० एप्रिलचं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसत होतं की ६३ डझन आंबा ६८२ रुपये ५० पैशांनी गेला. डझनाला कुरियर २२० आणि खोका-पेंढा ६०, हे त्यातूनच जाणार. उरले चारशे, आणि त्यात वर्षभराची फवारणी, राखण, काढणी. आता मी तो हिशेब तुझ्या बाजूने लावून बघितलाय. किंमत १२००. त्यावर तू आधीच सेल प्राइस १०५० लावलेली. अक्षय्य तृतीयेचं कूपन २० टक्के. आणि मार्चपासून चालू असलेलं पहिल्या ऑर्डरचं १५ टक्क्यांचं कूपन कुणी तरी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. दोन्ही कूपनं एकाच ऑर्डरला लागली. आपलं दुकान ज्या सॉफ्टवेअरवर चालतं त्या वूकॉमर्समध्ये दोन कूपनं लागली की दोन्ही टक्के त्या १०५० वरच धरतात, म्हणजे सरळ ३५. एकावर एक धरायचे असतील तर सेटिंगमध्ये वेगळी खूण करावी लागते. ती केली असती तरी ७१४ झाले असते, फार काही वाचलं नसतं. तुझ्या मनात होतं १२०० चे ९६०. डझनामागे २७७ रुपये ५० पैसे फरक, गुणिले ६३. तुझा आकडा बरोबर आहे बाय. पण ते पैसे तुझ्याकडून घ्यायचे नाहीत.

कूपनाच्या पानावर ‘इंडिव्हिज्युअल यूज ओन्ली’ अशी एक चौकट आहे. दोनपैकी एका जरी कूपनावर ती खूण असती तर दुसरं लागलंच नसतं. तिच्याखालीच ‘एक्सक्लूड सेल आयटम्स’, म्हणजे आधीच उतरवलेल्या मालाला कूपन लागू नये म्हणून. आपल्या दोन्ही चौकटी रिकाम्या होत्या. मी बघितल्या.

कशा बघितल्या, ते सांगते. मेच्या पहिल्या आठवड्यात बंटीला बसवून घेतलं आणि तू लिहून दिलेल्या पासवर्डने आत गेले. ‘चाचणी’ नावाचं कूपन केलं आणि वापर फक्त एकदा अशी मर्यादा घातली, कुणा गिऱ्हाइकाच्या हाती लागू नये म्हणून. पहिले दोन दिवस काही कळेना. मग एकेक गोष्ट वहीत उतरवत गेले, पाककृती उतरवते तशी. शंभर रुपये सूट दोन तऱ्हेने देता येते, हे मला माहीत नव्हतं. ‘फिक्स्ड कार्ट’ म्हणजे अख्ख्या ऑर्डरवर मिळून शंभर. ‘फिक्स्ड प्रॉडक्ट’ म्हणजे दर नगाला शंभर. कुणी सहा डझन घेतले तर एकीकडे शंभर सुटतात, दुसरीकडे सहाशे. नाव जवळजवळ सारखं आणि फरक पाचशेचा! आणि ‘दर माणशी एकदा’ ही मर्यादा ईमेलवर चालते. त्या दिवशी एकाच पत्त्यावर तीन ईमेलांनी तीन ऑर्डरी आल्यात, मी तपासलंय. पहिल्या ऑर्डरचं कूपन खरोखर पहिल्याच ऑर्डरला लागावं अशी सोय त्यात मुळात नाही, ती बाहेरून जोडावी लागते. म्हणजे ती चूक तुझी नव्हतीच.

आणि तारीख. सकाळी सातपासून मला फोन सुरू झाले होते, “काकू, कोड चालत नाही.” मी तुला उठवलं, तू बसमधून मोबाइलवर तारीख एक दिवस पुढे केलीस. कोड का चालत नव्हता ते आता कळलंय. सेल प्राइसला शेवटची तारीख ३० घातली तर तो ३० चा दिवस रात्री बारापर्यंत चालतो. कूपनाला ३० घातली तर ३० उजाडतानाच ते संपतं. एकाच दुकानात दोन कॅलेंडरं. कूपनाला नेहमी एक दिवस पुढची तारीख द्यायची, हे मी वहीत लाल पेनाने लिहिलंय.

त्याच पानावर उजवीकडे कूपन कधी केलं त्याची वेळ येते. २७ एप्रिल, २१:१०. मला बरं वाटलं. म्हटलं नऊ-सव्वानऊ, जेवून बसली असेल. मग चार दिवसांनी बंटीने सेटिंगमधला टाइमझोन दाखवला. साइट केली तेव्हापासून तो तसाच राहिलेला, लंडनच्या जवळचा. आपल्याला त्यात साडेपाच तास मिळवायचे. मी बोटांवर मोजले, परत मोजले. २८ तारखेचे पहाटेचे २ वाजून ४० मिनिटं.

मग मी बाकीची कूपनंही उघडून बघितली. आपल्या वेळेने एक १:५५. एक ३:२०. ते ३:२० वालं होळीच्या आठवड्यातलं आहे, तेव्हा तुझी ऑफिसातली रिलीज का काय ती चालू होती. सकाळी साडेआठची बस. म्हणजे किती तास झोपलीस?

विचारणार नव्हते. राहू दे.

मला त्या खोडलेल्या आकड्याबद्दल बोलायचं होतं. मार्चमध्ये तू १५०० लिहून त्यावर रेघ मारलीस आणि बाजूला १२००. आपण १५०० ने कधी विकलाच नाही ना आंबा. सगळेच करतात असं तू म्हणालीस, आणि करतातच. पण आपल्या साइटवर बाबांचा फोटो आहे, बागेचा आहे, सिंधुदुर्ग लिहिलंय. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांना. त्याच नावाने बाहेरचा आंबा रस्त्यावर स्वस्तात विकला जातो म्हणून तर आपण हे दुकान काढलं. ३० तारखेला दुपारी एका बाईंचा फोन आला होता. त्यांनी ऑर्डर केली होती, पैसे भरले होते, आणि मला विचारत होत्या, “एवढा स्वस्त? कर्नाटकचा नाही ना?” मी त्यांना काय सांगणार होते? की माझ्या मुलीने रात्री पावणेतीनला एक खूण करायची राहिली?

खोडलेला आकडा खरा असला पाहिजे. आपण त्या भावाने खरोखर विकलेलं असलं पाहिजे. आणि ते ‘फक्त २ तास उरले’वालं घड्याळ तर नकोच, पान परत उघडलं की ते परत दोन तासांवर येतं. अशा खोट्या घाईविरुद्ध सरकारने २०२३ मध्ये नियमच काढलेत, तेरा फसव्या प्रकारांच्या यादीत ती आहे. पण नियम नसता तरी नकोच. तुझ्या आजोबांच्या पेट्या क्रॉफर्ड मार्केटात जायच्या तेव्हा भाव रुमालाखाली ठरायचा. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली एकमेकांची बोटं धरणार, आणि काय ठरलं ते आजोबांना पंधरा दिवसांनी दलालाची हिशेबाची पट्टी आली की कळणार. पट्टीत वजा हमाली, वजा वाहतूक, वजा अडत, आणि शेवटी ‘तूट’. ही तूट कसली ते कधी कुणी सांगितलं नाही. आजोबा पट्टी वाचून घडी घालून खिशात ठेवायचे आणि ओटीवर बसून राहायचे. लग्न होऊन आले त्या पहिल्या वर्षी मी ते बघितलंय. तू साइट केलीस आणि पहिल्यांदा आपल्या आंब्याचा भाव उघड्यावर आला, आपण लिहिलेला, कुणालाही वाचता येईल असा. त्या दिवशी बाबा काही बोलले नाहीत, पण मोबाइलवर ते पान उघडून दोनदा बाहेर उजेडात घेऊन गेले. म्हणून त्या आकड्यावर खोटी रेघ नको वाटते मला.

झालं, लांबलं. तू आता तोंड वाकडं केलं असशील. भाषण द्यायचं नव्हतं गं.

आता माझं सांगते. यंदा पाऊस लवकर येणार हे २० मेपासूनच दिसत होतं. २५ ला तर मान्सूनच येऊन थडकला, आणि बातम्यांत नाव कुणाचं, तर देवगडचं. बाबा म्हणाले, राहिलेलं सगळं कॅनिंगला घालू. किलोवर जातो तो आंबा, तुला माहितीये. निवडलेला अडीचशे ग्रॅमचा आंबा डागी मालाबरोबर क्रेटात ओतायचा, माझा जीव होईना. २१ तारखेला दुपारी जेवणं झाल्यावर बसले. कूपन केलं नाही. एका डझनाच्या पेटीला साधी सेल प्राइस लावली, १२०० चे ९५०, २२ ते २४ मे. वर्णनात लिहिलं, ‘पाऊस जवळ आला आहे, हे शेवटचे आंबे. आधीसारखे पंधरा दिवस टिकणार नाहीत, आले की आठवड्यात संपवावे.’ स्टॉक ४० घातला, त्याच्यावर एकही ऑर्डर घ्यायची नाही म्हणून. दुसरी दोन्ही कूपनं आधी बंद केली. मग बंटीच्या मोबाइलवरून स्वतःच एक पेटी टोपलीत टाकून जुने दोन्ही कोड मारून बघितले. लागले नाहीत. तेव्हा कुठे उठले.

३८ डझन गेले. साक्याची, म्हणजे आंबा आतून पांढरट निघाल्याची, तक्रार एकच आली, त्यांचे पैसे परत केले. तुला ऑर्डरचे मेल येतात, तू बघत असशील. काही बोलली नाहीस. मी रोज संध्याकाळी वाट बघत होते तुझ्या फोनची, तेही खरं. बाबांना दाखवलं तेव्हा आधी म्हणाले, “आंब्याक सूट कशाक?” मग २४ च्या रात्री स्वतःच विचारलं, “किती रवले?” मी म्हटलं, दोन.

त्याच बाबांनी ३० एप्रिलला तू ऑर्डरी रद्द करूया म्हणालीस तेव्हा काय सांगितलं, आठवतं ना? “लोकांनी पैसे भरले हत, आंबे जातले.” ते तुझ्यावर रागावून नव्हते म्हणाले. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, चेडू दमलंहा.

तेवढंच मला सांगायचंय, आणि तेच मी पहिल्या ओळीपासून टाळतेय. तू दिवसा नोकरी करतेस आणि रात्री आमचं दुकान चालवतेस. तू नऊ वर्षांची असताना एकदा संध्याकाळी सापडेनास. विहिरीत वाकून बघितलं, सुलूआत्याकडे माणूस पाठवला. तू आढीच्या खोलीत होतीस. आंबे परतायला म्हणून गेलीस आणि पेंढ्यावरच झोपलीस. उचललं तेव्हा गालावर गवताच्या काड्यांचे वळ उमटले होते आणि केसांना पिकल्या आंब्याचा वास. झोपेत विचारलंस, “किती राहिले?” तेव्हा मला हसू आलं होतं. आता २:४० वाचल्यावर तेच आठवलं आणि हसू आलं नाही.

तेव्हा पुढच्या हंगामापासून असं करू. साइट तुझी, फोटो तुझे, जाहिरात तुझी. किंमत आणि कूपनं माझ्याकडे. मी ती दुपारी दोन ते तीनमध्ये करीन. मला ‘शॉप मॅनेजर’ म्हणून वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड दे, म्हणजे तुझ्या नावाने काही होणार नाही. कूपन चालू करण्याआधी तुला फोटो पाठवीन, तू ऑफिसच्या चहाच्या वेळेत बघ. अडलं तर बंटी आहे. चुकलं तर माझं चुकेल, आणि मग मी तुला साडेसतरा हजार पाठवीन का? नाही ना. तसंच आहे हे.

परांजपेकाकू शनिवारी पुण्याला येतायत. त्यांच्याबरोबर आंबापोळी आणि साठं पाठवतेय, फणसाची वेगळी बांधलीयेत, ती मेघनाला दे. तिच्याकडचं ते काय झालं तेही कळव. बाबांचा गुडघा पाऊस लागल्यापासून दुखतोय, पण आंबे काढायचा झेला दुसऱ्याच्या हातात द्यायचे नाहीत ते नाहीतच.

फोन कर. रागावलेली असलीस तरी कर.

तुझी,
आई

ता. क. टाइमझोनच्या यादीत शोधून मी कोलकाता केलंय, आपली वेळ त्याच नावाखाली आहे. आता तिथे जी वेळ दिसेल ती खरी असेल. मी रोज सकाळी चहा झाला की एकदा उघडून बघते.