कलम केलेला तंतू ‘संपूर्ण नैसर्गिक’ कसा?

महोदय,

ठाण्यातील काही रोपवाटिकांमध्ये कुंड्यांत पाणी धरून ठेवणारे दाणे ‘सेल्युलोजपासून बनवलेले, संपूर्ण नैसर्गिक’ अशा ग्वाहीने विकले जातात. चिमूटभर दाणे वाटीभर पाण्यात टाकले, की फुगून त्यांचा पारदर्शक लगदा होतो. परंतु ही किमया एकट्या सेल्युलोजची, म्हणजे वनस्पतींतील तंतुमय पदार्थाची, नव्हे.

सेरिक अमोनियम नायट्रेटसारख्या क्षारामुळे सेल्युलोजच्या साखळीवर मुक्त मूलके (अतिशय क्रियाशील जागा) तयार होतात आणि रायवळ आंब्याच्या खुंटावर हापूसची फांदी वाढावी, तशी तेथून अॅक्रिलिक आम्लाची किंवा अॅक्रिलोनायट्राइलची कृत्रिम साखळी वाढू लागते; यालाच कलम करणे म्हणतात. अॅक्रिलोनायट्राइल वापरले असल्यास पुढे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तापवून तिला पाणीशोषक रूप देतात. या प्रक्रियेत तंतूला न जोडलेला मोकळा पॉलिमरही (लांब साखळीचे रेणू) तयार होतो. तो योग्य द्रावकाने धुऊन काढला नाही, तर नुसत्या वाढलेल्या वजनावरून कलम उत्तम साधल्याचा गैरसमज होतो.

तंत्र उपयुक्तच आहे. सांडपाण्यातील जड धातू शोषण्यासाठी असे तंतू वापरता येतात आणि ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात त्यांची गरज वेगळी सांगायला नको. आक्षेप आहे तो लेबलावर. मातीत सेल्युलोज कुजते. अॅक्रिलिक साखळीचा कार्बन-कार्बन कणा मात्र सहजासहजी तुटत नाही. कम्पोस्टेबल प्लास्टिकच्या पिशव्यांना २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनुसार प्रमाणपत्र लागते. त्याच धर्तीवर, कोणता पॉलिमर किती टक्के जोडला आहे, हे या दाण्यांच्या पाकिटावर मराठीत छापणे उत्पादकांना बंधनकारक करावे.

– एक निवृत्त वस्त्ररसायनतज्ज्ञ, नौपाडा, ठाणे