साथ ओसरल्यावर विषाणू जातो कुठे?

तीर्थस्वरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, साथ संपली म्हणजे विषाणू मेला का, असं तुम्ही विचारलंत. नाही. माणसांतून हटतो एवढंच. ज्या प्राण्यात तो मुळात वस्तीला असतो, तिथे त्याचं निवांत चालू असतं.

त्या घराची खूण अशी की घरमालक सहसा आजारी पडत नाही. इबोला या जीवघेण्या तापाच्या विषाणूने गोरिला आणि चिंपांझी पटापट मरतात, म्हणजे ते घर नव्हेत, आपल्यासारखेच बळी. (इबोला १९७६ पासून माहीत आहे, तरी त्याचं घर पक्कं ठरलेलं नाही, दाट संशय वटवाघळांवर.) त्याच्याच कुळातल्या मारबर्ग विषाणूचं मात्र सापडलंय: इजिप्शियन फळवटवाघूळ. युगांडातल्या गुहांत ती हजारोंनी लटकतात आणि सरासरी शंभरातल्या दोन-तिघांतच विषाणू मिळतो. एवढ्यावर तो टिकतो कसा? पिल्लं वर्षातून दोनदा होतात. ती सहाएक महिन्यांची होईपर्यंत आईकडून मिळालेलं संरक्षण सरतं आणि त्यांच्यातलं प्रमाण शंभरात बाराच्या आसपास जातं. माणसांना झालेल्या लागणीही बहुतेक त्याच काळातल्या.

आई, "मग मारून टाका ना ती!" असं तू म्हणशीलच. युगांडातल्याच किटाका खाणीत तेच केलं. २००७ मध्ये खाणकामगारांना मारबर्गची लागण झाली, म्हणून वटवाघळं संपवली. २०१२ पर्यंत काही परत आली, तर विषाणूचं प्रमाण पूर्वीच्या ५.१ टक्क्यांवरून १३.३ वर गेलेलं! रिकाम्या जागेत बाहेरून आलेली, कधी लागण न झालेली वटवाघळं भरली असावीत. विषाणूला आयतं कुरण. त्याच वर्षी त्या भागात माणसांत साथही आली.

कधी घर माणूसच असतं. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशात २०२१ मध्ये इबोला उद्भवला, तो जंगलातून आला नव्हता. २०१४-१६ च्या साथीतल्या विषाणूत आणि त्याच्यात फरक अगदी थोडे होते, म्हणजे तो बऱ्या झालेल्या कुणाच्या तरी शरीरात दडून राहिला होता.

तुमच्या कामाचा भाग उंदरांचा. अमेरिकेत १९९३ साली हान्टा विषाणूने धडधाकट तरुण दगावले. तो डीअर माऊस या उंदराच्या मुतात, लेंड्यांत होता, आणि वाळल्यावर धुळीबरोबर श्वासात गेला. म्हणून बंद खोलीत लेंड्या दिसल्या तर झाडू मारायचा नाही, व्हॅक्यूमही नाही. दोन्हींनी धूळच उडते. दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा. रबरी हातमोजे घाला. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी हे त्याच दिवशी कालवा (कालचं मिश्रण कमजोर पडतं), लेंड्यांवर ओतून पाच मिनिटं भिजू द्या, मग कागदाने टिपून घ्या आणि फरशी त्याच पाण्याने पुसा. बाबा, ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरं क्लीनर मिसळू नका, विषारी वायू होतो.

तुमची,
धाकटी