लिनक्स सुरू होत नसेल, तर आधी कुठे पाहावे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

विंडोजमधले तुझे उबुंटू लिनक्स सुरूच होत नाही, खिडकीत एक लांबलचक संदेश उमटतो आणि पुढे काहीच घडत नाही, असे तू कळवलेस. ‘सगळे काढून नव्याने टाकतो’ असेही शेवटी लिहिले आहेस, म्हणून आधी त्याविषयीच लिहितो. डब्ल्यूएसएलची, म्हणजे विंडोजमध्ये लिनक्स चालवणाऱ्या सोयीची, ‘अनरजिस्टर’ ही आज्ञा तेवढी देऊ नकोस. नावावरून ती निरुपद्रवी वाटते, पण तिने त्या लिनक्समधल्या साऱ्या फाइली, तुझ्या होम फोल्डरसकट, कायमच्या पुसल्या जातात. स्टोअरमधून घेतलेले उबुंटू स्टार्ट मेन्यूतून अनइन्स्टॉल केले तरी परिणाम तोच.

तुझे अख्खे लिनक्स ‘ईएक्सटी४ डॉट व्हीएचडीएक्स’ या एकाच फाइलमध्ये राहते. स्टोअरमधून घेतलेल्या उबुंटूची ही फाइल बहुधा तुझ्या यूजर फोल्डरमध्ये ॲपडेटा, लोकल, पॅकेजेस अशा वाटेने गेल्यावर उबुंटूच्या फोल्डरातील लोकलस्टेटमध्ये सापडेल. डब्ल्यूएसएलला शटडाउनची आज्ञा दे आणि त्या फाइलची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेव. सारे लिनक्स एका फाइलमध्ये बाहेर काढण्याची, म्हणजे एक्सपोर्टची, सोय आहे, पण लिनक्सच उभे राहत नसेल तर तिच्यावर विसंबता येत नाही. साधी प्रत मात्र नेहमीच काढता येते.

आता मूळ दुखण्याकडे वळतो. २०१६ साली आलेली डब्ल्यूएसएलची पहिली आवृत्ती लिनक्सच्या सिस्टिम कॉल्सचे (प्रोग्रॅम प्रणालीकडे करतो त्या मागण्यांचे) विंडोजला समजेल असे रूपांतर करत असे. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र खरा लिनक्स कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, एका छोट्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात) चालतो. त्यामुळे उबुंटूचा प्रॉम्प्ट दिसण्याआधी प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय, विंडोजचा हायपरव्हायजर (व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर), व्हर्च्युअल मशीन, डिस्कची फाइल आणि शेवटी तुझे शेल (आज्ञा स्वीकारणारा प्रोग्रॅम), असे सगळे एकापाठोपाठ जागेवर यावे लागते. यातले नेमके काय अडले, हे ठरवल्याशिवाय केलेला कोणताही उपाय म्हणजे अंधारात मारलेला तीर. सुदैवाने नव्या आवृत्त्यांमध्ये संदेशाच्या शेवटी जो एरर कोड येतो, तो तिरप्या रेघांनी जोडलेल्या शब्दांचा असतो आणि त्यात अडलेल्या पायरीचे नाव बहुतेक वेळा लिहिलेलेच असते. लोक शेवटचा आकडा तेवढा शोधत बसतात; मला मधले शब्द अधिक मोलाचे वाटतात.

तिथे ‘क्रिएटव्हीएम’ दिसले, किंवा जुन्या पद्धतीचा ८०३७०१०२ हा क्रमांक दिसला, तर व्हर्च्युअल मशीनच उभे राहिलेले नाही. अशा वेळी उबुंटूत काही शोधण्यात अर्थ नाही. टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा आणि आलेखाखालची ‘व्हर्च्युअलायझेशन’ ही ओळ वाच. तिथे ‘डिसेबल्ड’ असेल तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) जाऊन ती सोय सुरू करावी लागेल. इंटेलच्या मशीनवर तिचे नाव बहुधा ‘व्हीटी-एक्स’ किंवा ‘व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ असते, तर एएमडीच्या मशीनवर ‘एसव्हीएम मोड’. बायोस अपडेट झाल्यावर ही सेटिंग कधी कधी आपोआप बंद होते, त्यामुळे ‘मी तर कशालाच हात लावला नाही’ हे म्हणणेही खरे असू शकते. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-एन्क्रिप्शन) असेल तर बायोसमध्ये शिरण्याआधी रिकव्हरी की हाताशी ठेव, कारण अशा बदलानंतर विंडोज ती मागू शकते.

ती ओळ ‘एनेबल्ड’ दाखवत असेल, तर विंडोज फीचर्सच्या यादीत ‘व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म’वर खूण आहे का ते पाहा. तीही असेल आणि तरी काम अडत असेल, तर माझा संशय हायपरव्हायजरवर जातो. दुसरे व्हर्च्युअल मशीन किंवा एखादा एम्युलेटर चालावा म्हणून ‘बीसीडीएडिट’ या विंडोजच्या बूट सेटिंग बदलणाऱ्या आज्ञेने हायपरव्हायजर बंद ठेवण्याचा सल्ला अनेक जुन्या मार्गदर्शिकांत आढळतो, आणि तो बदल केल्याचे नंतर कुणाच्या लक्षातही राहत नाही. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून टर्मिनल उघडून त्याच आज्ञेने ‘हायपरव्हायजरलाँचटाइप’ची किंमत पुन्हा ‘ऑटो’ कर. त्यानंतर मशीन ‘शटडाउन’ न करता ‘रीस्टार्ट’ कर, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोजचा कर्नल पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही.

‘माउंटव्हीएचडी’ हा शब्द असेल तर प्रश्न डिस्कच्या फाइलचा आहे. ती हलवली गेली असेल, किंवा ज्या बाहेरच्या डिस्कवर ठेवली होती ती जोडलेली नसेल. त्या फोल्डरवर विंडोजचे कॉम्प्रेशन किंवा एन्क्रिप्शन लावलेले असले तरी ती फाइल जोडली जात नाही. प्रॉपर्टीजमधील ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जाऊन ती खूण काढली की पुरते.

‘एक्झेकव्हीपीई फेल्ड’ असे आले तर खुशाल हायसे वाटून घे. मशीन, कर्नल आणि डिस्क यांनी आपले काम केलेले आहे. फक्त तुझ्या नावापुढे नोंदलेले शेल जागेवर नाही. झेडएसएच हे शेल काढून टाकले आणि लॉगिन शेल बदलायचे राहिले, की हेच घडते. रूट (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून आत शिरून शेल परत बॅश कर. ‘एफएसटॅब’ या जोडायच्या डिस्कच्या यादीच्या फाइलबद्दलची तक्रार दिसली तर ती बहुतेक वेळा नुसती सूचना असते, लिनक्स तरीही सुरू होते.

यातले काहीच जुळले नाही, तर सोबत डेबियन हे दुसरे लिनक्स टाकून पाहा. त्याने उबुंटूला धक्का लागत नाही. ते सुरू झाले तर खालचे सारे ठीक आहे आणि दोष उबुंटूच्या आतच आहे. ते मात्र सुरू झाले नाही तर ‘डॉट-डब्ल्यूएसएलकॉन्फिग’ या डब्ल्यूएसएलच्या सेटिंगच्या फाइलचे नाव तात्पुरते बदल, शटडाउनची आज्ञा दे, आठ-दहा सेकंद थांब आणि पुन्हा प्रयत्न कर. मेमरीच्या मर्यादेत चुकीचा आकडा लिहिलेला असेल तर एवढ्यानेच उलगडा होईल.

उत्तर लिहिताना तो संदेश संपूर्ण, मधल्या शब्दांसकट पाठव, आणि डब्ल्यूएसएलच्या ‘स्टेटस’ व ‘व्हर्जन’ या आज्ञांनी काय छापले तेही जोड. फाइलची प्रत काढलीस का, ते मात्र त्याआधी कळव.

तुझा,
जुना मित्र