मुलगी दवाखान्याच्या दारातून परत जाऊ नये

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मी गेली २२ वर्षं हडपसरमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून दवाखाना चालवते. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी एक आई मुलीला घेऊन आली. मुलीचं वय १७ वर्षं ४ महिने, पाळी चुकून दोन महिने झालेले. मुलगा १९ वर्षांचा, त्यांच्याच चाळीतला. तपासून मी सांगितलं, "पोलिसांना कळवावं लागेल." मुलगी केसपेपरची घडी घालत बसली होती, घडीवर घडी. आईने तो कागद तिच्या हातून काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, गावभर होईल हो," एवढंच म्हणाली आणि तिला घेऊन गेली. पोक्सोच्या, म्हणजे १८ खालच्या मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे मी पोलिसांना कळवलं. पत्ता खोटा निघाला, फोन बंद. कायदा पाळला गेला, पण ती पोर पुढे कोणाच्या हाती पडली, ते मला आजही माहीत नाही.

मला तेव्हा जे ठाऊक असायला हवं होतं, ते नंतर कळलं. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात म्हटलं आहे की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर पोलिसांना खबर देताना डॉक्टरांनी तिचं नाव, ओळख सांगायची गरज नाही. हे माहीत असतं तर त्या आईशी माझं पहिलं वाक्यच वेगळं असतं. ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं, तर अनेकांना याचा पत्ता नव्हता.

शरीरसंबंधाला संमती देण्याचं वय १८ वरून १६ वर आणा, अशी मागणी होते. मला ती मान्य नाही. नात्यातल्या, शेजारच्या मोठ्या माणसाने नासवलेल्या मुली मी तपासल्या आहेत. "तिचीही मर्जी होती" हे त्या माणसाच्या घरच्यांचं पहिलं वाक्य असतं. १८ ची रेष आहे म्हणून ते कोर्टात चालत नाही. ती रेष हलवू नका.

पण चाळीतला तो मुलगा आणि असा नात्यातला मोठा माणूस एकाच मापाने मोजले जातात, हेही खरं. मुलगी गरोदर असेल तर पोक्सोच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान शिक्षा २० वर्षांची, न्यायाधीशांनाही त्याखाली उतरता येत नाही. विधी आयोगाने २०२३ च्या २८३ व्या अहवालात वय १८ च ठेवायला सांगितलं, पण १६ ते १८ मधल्या अशा प्रकरणांत शिक्षेबाबत न्यायाधीशांना मोकळीक द्यावी, असंही सुचवलं. यावर महाराष्ट्राचं म्हणणं काय, ते आपण केंद्राला लेखी कळवावं.

याच पुण्यात १८९१ साली संमतिवयाच्या बिलावरून रान पेटलं होतं. दहाचं वय बारा करायचं होतं. टिळक विरोधात, आगरकर आणि भांडारकर बाजूने. शास्त्रात काय आहे आणि सरकारला अधिकार किती, यावर सभा गाजल्या. कलकत्त्यात नवऱ्यामुळे जीव गेलेली फुलमणी दहा-अकरा वर्षांची होती.

कायदा बदलायला वेळ लागेल, हे मी समजते. महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देण्यासाठी विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलेल्या शक्ती विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. शासन निर्णयाला मात्र ती लागत नाही. २०२२ च्या निकालातली ती तरतूद सोप्या मराठीत गर्भपाताची परवानगी असलेल्या प्रत्येक केंद्रात आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात लावायला सांगा. जबाब घ्यायला महिला अधिकारी साध्या कपड्यांत, मुलगी म्हणेल तिथे जाते की नाही, हेही तपासा. पोक्सोच्या कलम २४ मध्ये ते २०१२ पासून लिहिलेलं आहे.

आपलं आयुक्तालय पुण्यातच आहे. एका पानाचा मसुदा मी लिहून ठेवला आहे. बोलावलंत तर त्या दिवशी ओपीडी बंद ठेवून घेऊन येईन.

आपली नम्र,
हडपसरमधील एक स्त्रीरोगतज्ज्ञ, पुणे