कोरडी तुंबडी वेगळी, ब्लेडची तुंबडी वेगळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी तुमचा अंक उघडला आणि घडीतून गुळगुळीत कागदाचं एक पत्रक मांडीवर पडलं. 'कपिंग थेरपी. मानदुखी, कंबरदुखी, सायटिका, शुगर, बीपी, थायरॉइड. शरीरातलं अशुद्ध रक्त बाहेर. पहिल्या १० जणांना निम्म्या दरात.' दोन महिन्यांत आमच्या धनकवडीत माझ्या हाती आलेलं हे चौथं पत्रक. ती तुम्ही छापत नाही, अंक वाटण्याआधी विक्रेत्यांकडे ती आत घातली जातात, हे मला माहीत आहे. तरी तुम्हालाच लिहिते आहे, कारण अशाच एका पत्रकाच्या नादाने आमच्या घरात एक वाईट रात्र येऊन गेली.

आधी एक सांगते. मी कपिंगच्या, म्हणजे अंगाला कप लावून कातडी ओढून घेण्याच्या, विरोधात नाही. मला त्याचा गुण आला आहे.

मी ३२ वर्षं शिलाईकाम करते. ब्लाउज, परकर, फॉल-पिको. लग्नसराईत रात्री एक वाजेपर्यंत मशीन चालू. सगळं आयुष्य मान खाली घालून गेलं. उजव्या खांद्यापासून मानेपर्यंत असा गोळा धरायचा, की कात्री उचलताना डोळ्यांत पाणी यायचं. बाम झाले, शेक झाला, गोळ्या झाल्या. मागच्या वर्षी लेकीने हट्टाने एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडे नेलं. त्यांनी पहिली १० मिनिटं नुसते प्रश्न विचारले. मधुमेह आहे का? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? हाताला मुंग्या येतात का? सुई बोटांतून निसटते का? छातीत कधी दुखतं का? माझ्या दोन्ही हातांची पकड तपासली आणि मगच मला पालथं झोपवलं.

प्लास्टिकचा झडपेचा कप, त्याला पिस्तुलासारखा छोटा हातपंप. दोन-तीनदा दाबलं की आतली हवा ओढली जाते आणि कातडी घुमटासारखी वर येते. मशीनमध्ये दोऱ्याचा ताण जास्त झाला की कापड कसं गोळा होऊन चुण्या पडतात, तसं वाटलं. दुखलं नाही, ताणलं. सात-आठ मिनिटांनी त्यांनी झडप उचलली, फुस्स झालं, आणि डोक्यावरची पाटी कुणी उतरवून घ्यावी तसं हलकं वाटलं. त्या रात्री कित्येक महिन्यांनी मी उजव्या कुशीवर झोपले.

सकाळी खांद्यावर जांभळे गोल पाहून शेजारीण घाबरली. ताईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. ओढ बसली की कातडीखालच्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, म्हणजे तो एक प्रकारचा मुका मारच. आठवडा-दहा दिवसांत हिरवट-पिवळा होऊन जातो. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्स या जलतरणपटूच्या खांद्यावर टीव्हीवर जे गोल दिसत होते, ते हेच. 'डाग जितका काळा तितकं विष जास्त' असं कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका, हेही त्याच म्हणाल्या. रक्त शुद्ध ठेवायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, कप नाही.

कंबर आणि मानेच्या दुखण्यात कपिंगने थोड्या काळापुरता आराम पडतो, असं काही लहान अभ्यासांत दिसलं आहे. पण त्यातला किती गुण ओढीचा, किती मायेने हात फिरण्याचा आणि किती अर्धा तास निवांत पडण्याचा, हे वेगळं काढणं कठीण असतं. संशोधकांनी भोक पाडलेले, म्हणजे ओढ न धरणारे खोटे कप लावूनही पाहिलं, पण पाठीला ओढ लागते की नाही हे झोपलेल्या माणसाला कळतंच ना! मला आराम चार दिवस टिकायचा. पण त्या चार दिवसांत खांदा हलायचा, म्हणून व्यायाम करता यायचा. मी स्टूल दोन इंच उंच करून घेतलं, दिवा डाव्या बाजूला लावला, दर अर्ध्या तासाने उठायला लागले. खरा फरक त्याने पडला, आणि त्याला सुरुवात करता आली ती कपमुळे. शिलाईवाल्या, भांडीवाल्या, रिक्षावाल्या, संगणकावरच्या सगळ्यांना असे चार दिवस मिळावेत असं मला मनापासून वाटतं.

आणि हे कुठून परदेशातून आलेलं खूळ नव्हे. आपल्याकडे याला तुंबडी लावणं म्हणतात. सासवडजवळच्या आमच्या गावात वैदू यायचे, त्यांच्या झोळीत शिंग असायचं. पोटात कळ आली की आजी मला अंगणात उताणं झोपवायची, बेंबीवर कणकेचा चपटा गोळा, त्यावर पेटती पणती, आणि वरून तांब्या उपडा. आत ज्योत विझली की तापलेली हवा गार होऊन आकसते आणि तांब्या पोटाला घट्ट धरतो. आजी तो सुटेपर्यंत जागची हलायची नाही. चुलीवरची भाकरी करपली तरी चालेल, पण पोरीजवळून उठायचं नाही.

आता भाऊजींचं सांगते. माझे थोरले दीर ६४ वर्षांचे, जन्म ड्रायव्हरकीत गेला, कंबर धरलेली. मधुमेह आहे, आणि हृदयात स्टेंट बसवल्यापासून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज. मला गुण आला हे त्यांनी पाहिलं होतं, म्हणून पत्रक वाचून ते एकटेच गेले. त्यांना वाटलं, वहिनीला लावले तेच कप. पण तिथे कप काढून ब्लेडने कातडीवर बारीक चिरा पाडल्या आणि पुन्हा कप लावून रक्त ओढलं. याला ओली कपिंग म्हणतात, युनानीत हिजामा. पत्रकावर एवढंच होतं: 'कपिंग'.

रात्री साडेनऊला जाऊबाईंचा फोन आला. आम्ही पोचलो तर भाऊजी पालथे पडलेले. पांढऱ्या बंडीवर सहा लाल गोल, कंपासने काढावेत इतके रेखीव, आणि खालच्या दोन गोलांतून ओघळ पार लेंग्याच्या नाडीपर्यंत आलेले. दोन पंचे भिजले होते. जाऊबाई तिसरा दाबून बसल्या होत्या आणि भाऊजी म्हणत होते, "अगं, घाण जातेय, जाऊ दे." दवाखान्यात घट्ट पट्टी बांधून रात्रभर ठेवून घेतलं. रक्त थांबलं, पण साखर वाढलेली असल्याने एक जखम चिघळली आणि तीन आठवडे ड्रेसिंगला जावं लागलं. ती बंडी मी गार पाण्यात मीठ टाकून धुतली. डाग गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी त्या गाळ्यावर गेले. भिंतीवर दोन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र, डॉक्टरकीची पदवी कुठेच नाही. गोळ्या कोणत्या चालू आहेत हे विचारलं होतं का, म्हटलं, तर उत्तर आलं, "त्यांनी सांगायला हवं होतं." कप एका बादलीत पाण्यात पडले होते, सगळ्यांचे एकत्र. रक्ताचा कापूस आणि ब्लेड घरच्या कचऱ्यासारख्या काळ्या पिशवीत. ती पिशवी सकाळी आमच्याच गल्लीतल्या कचरावेचक ताईंच्या हातात जाणार होती. त्या हाताने कचरा वेगळा करतात, संपादकसाहेब. वाळलेल्या रक्तात हेपॅटायटिस बी चा (एका प्रकारच्या काविळीचा) विषाणू आठवडाभरसुद्धा तग धरतो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ब्लेड भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात आणि रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत जायला हवा. तिथे डबाही नव्हता, पिशवीही नव्हती.

नंतर ओळखीच्या एका वैद्यांशी बोलले. ते म्हणाले, रक्तमोक्षण, म्हणजे अंगातलं रक्त काढणं, आपल्या शास्त्रात आहेच. सुश्रुतसंहितेत वातासाठी शिंग, पित्तासाठी जळू, कफासाठी भोपळ्याची तुंबडी सांगितली आहे. पण त्याच ग्रंथात पांडुरोगी (रक्त कमी असलेला), खंगलेला माणूस, गर्भवती यांच्या बाबतीत रक्त काढू नये असंही बजावलं आहे, आणि वाहतं रक्त थांबवायचे चार उपाय दिले आहेत. हे ऐकून मला भरून आलं. इतक्या जुन्या ग्रंथाने रक्त काढायच्या आधी ते थांबवायचं कसं याचा विचार केला, आणि त्या गाळ्यावर साधी दाबपट्टीही नव्हती.

माझं म्हणणं एवढंच आहे, की कोरडी कपिंग आणि ब्लेडची कपिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पाटीवर, पत्रकावर त्या वेगळ्या लिहिल्या गेल्या पाहिजेत. कोरडी म्हणजे मालिशच्या जातीची. तीही विचारपूस करूनच व्हावी, पण तिच्यात कातडी चिरत नाही. ब्लेड लागलं की ती शस्त्रक्रियाच झाली, मग चीर कितीही बारीक असो. ती नोंदणी असलेल्या डॉक्टर, वैद्य किंवा हकिमांनीच करावी. आपल्या पुण्यात आयुर्वेदाची आणि युनानीची महाविद्यालयं आहेत, रुग्णालयं आहेत, महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे नोंदलेले पदवीधर आहेत. माणसं नाहीत असं नाही. नोंदणी क्रमांक पाटीवर लिहायला किती जागा लागते?

महापालिकेच्या आरोग्य विभागाने बोगस डॉक्टर शोधताना या गाळ्यांतही डोकवावं. निदान कचऱ्याचा डबा तरी पाहावा. आणि शुगर-बीपी बरी करण्याच्या दाव्यांचं काय? मधुमेह, रक्तदाब, पक्षाघात बरे करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. गोळीच्या जागी कप आला म्हणून तोच दावा चालवून घेऊ नये.

कंबर दुखते म्हणून कप लावायला निघालेल्या वाचकांनाही सांगते. पाय बधिर होत असेल, लघवीवर ताबा राहत नसेल, ताप येत असेल किंवा वजन घटत असेल, किंवा खांद्याबरोबर छातीत दुखून घाम येत असेल, तर कप नाही, आधी डॉक्टर. भाऊजींसारख्यांनी गोळ्यांची चिठ्ठी खिशात ठेवावी आणि न विचारता दाखवावी. आता ते ठेवतात. परवा माझ्याबरोबर त्याच फिजिओथेरपिस्ट ताईंकडे आले होते. ताईंनी चिठ्ठी वाचली आणि त्यांना कोरडे कपही लावले नाहीत, शेक आणि व्यायाम दिला. भाऊजी थोडे हिरमुसले, पण व्यायाम करतात.

तुमच्याकडे एक विनंती. विक्रेत्यांना कळवा, की आजार बरे करण्याची हमी देणारी पत्रकं अंकात घालू नयेत. चारही पत्रकं मी जपून ठेवली आहेत. हवी असतील तर कार्यालयात आणून देते. मंगळवारी मशीन बंद असतं.

आपली,
शिलाईकाम करणारी एक वाचक
धनकवडी, पुणे