दुसऱ्यांदा हृदयाची वाट पाहणाऱ्यांना नियमात जागा द्या

माननीय आरोग्यमंत्री,
सविनय नमस्कार.

माझ्या भावाच्या हृदय प्रत्यारोपणाला बरीच वर्षे झाली. आता त्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आतून जाड होऊन अरुंद होत चालल्या आहेत आणि डॉक्टरांनी दुसऱ्या प्रत्यारोपणासाठी नाव नोंदवायला सांगितले आहे. अशा रुग्णांची तातडी नियमांना दिसतच नाही, म्हणून हे पत्र.

हृदयवाटपात तातडी बरीचशी यंत्रांवरून ठरते. उदाहरणार्थ, अमेरिकेने २०१८ मध्ये प्रतीक्षायादीचे सहा स्तर केले; पहिला सर्वांत तातडीचा. एक्मोवरचा, म्हणजे हृदय-फुप्फुसांचे काम शरीराबाहेरून करणाऱ्या यंत्रावरचा, रुग्ण पहिल्या स्तरात; महाधमनीत फुगा घालून हृदयाला मदत करणाऱ्या बलून पंपावरचा दुसऱ्यात. दुसरे हृदय हवे असलेला रुग्ण अशा कुठल्या आधारावर नसेल, तर सहसा चौथ्यात. आता याच रुग्णाकडे पाहा. प्रत्यारोपणात हृदयाच्या नसा कापल्या जातात, त्यामुळे रक्तवाहिनी बंद होत आली तरी बहुतेकांच्या छातीत दुखत नाही. आजार कळतो तो अँजिओग्राफीत. काहींच्या बाबतीत थेट अचानक मृत्यूनेच. यंत्र लावावे, तर ताठर झालेल्या, लहान कप्प्याच्या हृदयाला कृत्रिम पंप नीट मानवत नाही, आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे जंतुसंसर्गाची भीती वेगळीच. ज्या आधारावर वरचा स्तर मिळतो, तोच त्याला सोसत नाही.

त्यात प्रत्यारोपित केलेल्या पहिल्या हृदयाविरुद्ध शरीरात अनेकदा प्रतिपिंडे (परक्या अवयवावर हल्ला करणारी प्रथिने) तयार झालेली असतात. इतरांना चालणारी कितीतरी हृदये त्याला चालत नाहीत.

एकाला दोन हृदये आणि दुसऱ्याला एकही नाही, हे न्याय्य आहे का? प्रश्न रास्त आहे, आणि ज्यांचे माणूस पहिल्याच हृदयाची वाट पाहत गेले, त्यांच्यापुढे तो टाळता येत नाही. प्रत्यारोपित केलेले पहिले हृदय काही महिन्यांतच निकामी झाले, तर दुसऱ्या प्रत्यारोपणाचे परिणाम वाईट असतात. तिथे नियम कडक असावा. पण वर्षांनंतर रक्तवाहिन्यांच्या आजाराने हृदय थकले, तर परिणाम पुष्कळ चांगले असतात. या दोघांना एकाच मापाने मोजू नये.

या आजाराची प्रतवारी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०१० मध्येच ठरवून दिली आहे. ती आणि प्रतिपिंडांचे प्रमाण, दोन्ही प्राधान्यक्रमात धरा. अपवाद म्हणून आलेल्या अर्जावर तज्ज्ञ समितीने काही दिवसांत निर्णय द्यावा, आणि नकार असेल तर कारण लेखी कळवावे.

आपली नम्र,
प्रतीक्षायादीतील एका रुग्णाची बहीण